गाण्याचं बूड

सुनंदामावशींकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला पाणी विचारलं नाही की नाव विचारलं नाही. "भिंतीला पाठ लावून बस," म्हणाल्या, "आणि काही बोलू नकोस." मी बॅग मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत टेकून बसले. त्या आत गेल्या, दार लावलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या पाठीतून काहीतरी वर चढायला लागलं. आवाज म्हणावा तर कानात फारसं काही येत नव्हतं. पण भिंत घुमत होती, बरगड्या घुमत होत्या, बॅगेची चेन बारीक थरथरत होती. मी घाबरले, आणि त्याच वेळी मला जोरात हसू यायला लागलं. का ते मला अजून सांगता येत नाही. त्याच भिंतीला लागून लोखंडी खाटेवर एक म्हातारी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. तिची झोपमोड नको म्हणून मी ओढणी तोंडात कोंबली.

मावशी बाहेर आल्या. "हसलीस?"

"हो… म्हणजे, सॉरी."

"सॉरी कशाला? हसते तिलाच खोली देते मी. कालच्या मुलीनं विचारलं, भूकंप झाला का. तिला म्हटलं, बाई, तू दुसरीकडे बघ. गाव कुठलं?"

"हरसूल. म्हणजे हरसूलच्या पुढे, आतमध्ये."

"आत-बाहेर कोण बघतंय. हरसूल, वरची खोली तुझी."

तेव्हापासून मी त्या घरात हरसूलच होते. माझ्या आधी वरच्या खोलीत दिंडोरी राहायची, ती अजूनही हंगामात द्राक्षांची पेटी पाठवते, आणि मावशी फोनवर "काय गं दिंडोरी, यंदा आंबट आहेत!" असं ओरडतात. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. नाशिक रोडला आले तेव्हा कुणी नाव विचारलं तरी माझा आवाज घशातच राहायचा. मावशींनी मला माझ्या गावाच्या नावानं अख्ख्या कॉलनीत हाका मारून मारून तो बाहेर काढला, असं मला वाटतं. दुसऱ्या गल्लीतून "ए हरसूल, दूध घेऊन ये!" अशी हाक आली की ओ द्यावीच लागते.

मावशी सकाळच्या शाळेत कारकून होत्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा. दुपारी घरी येऊन जेवल्या की आतल्या खोलीचं दार लावायचं आणि सिंथवर बसायचं, हा त्यांचा नेम. सिंथ म्हणजे सिंथेसायझर, दिसायला छोट्या पेटीसारखा, पण वर बटणंच बटणं. सेकंडहँड घेतलेला, एका कोपऱ्यावर चिकटपट्टी, आणि एक पट्टी दाबली की वर यायला कंटाळा करणारी. त्यातून त्या सूर वाजवत नसत, गाणंही नाही. फक्त खालचा, जाड, बुडाचा आवाज. बेस. कॉलनीच्या मंडळाच्या ऑर्केस्ट्रात त्या बेस वाजवायच्या. भीमजयंतीला, लग्नाला, गृहप्रवेशाला राजूदादा मध्ये उभा राहून गायचा, ढोलकीवाला आणि पॅडवाला उजवीकडे, आणि सगळ्यात डावीकडे, अर्ध्या अंधारात, मावशी.

मी पहिल्यांदा विचारलं, "मावशी, पण हे गाण्यात कुठं असतं? मला कधी ऐकू आलं नाही."

"हंडा कशावर उभा राहतो?"

"बुडावर."

"मग हंडा बघताना बूड बघते का तू? गाण्याला बूड पाहिजे, हरसूल. नाहीतर ते लोट्यासारखं गडगडत कुठंही जातं."

आवाजांना त्यांनी भांड्यांची नावं दिली होती. एक गोल, गुळगुळीत आवाज होता, तो हंडा. एक कडेकडेचा, किंचित चरचरणारा, तो तवा. एक जरा बसका, पोटातून येणारा, तो रांजण, आणि तो त्यांचा सगळ्यात लाडका. त्या एका हातानं खालची पट्टी दाबून धरायच्या आणि दुसऱ्या हातानं एक बटण हळूहळू फिरवायच्या. आवाजावर झाकण ठेवल्यासारखं व्हायचं, तो आत आत जायचा, दबायचा. मग बटण उलट फिरलं की झाकण सरकायचं आणि आतली सगळी वाफ तोंडावर यायची. मी दर वेळी हसायचे. मावशी तर खुर्चीत बसल्या बसल्या पाय आपटायच्या. "बघ, बघ, आता उघडतंय… आलं! आलं बाहेर!" पन्नाशी उलटलेल्या बाई, शाळेत ज्यांना बघून मुलं रांग सरळ करायची.

घरात त्या बोलायच्याही तशाच. फोडणी बसली की "ड्यांव". फ्रिज सुरू झाला की हात वर करून सगळ्यांना गप्प करायच्या. "ऐक. हा आज जरा खाली उतरलाय." टेबलावर बोटं सतत चालायची, आणि हनुवटी पुढे काढून तोंडानं "डूं, डूंव, डूं."

खाटेवरची म्हातारी म्हणजे त्यांच्या सासूबाई, आक्का. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. घरात या दोघीच. आक्कांचे गुडघे गेलेले, त्यामुळे कार्यक्रमाला जाणं नाही, पण जीभ एकदम धडधाकट. त्यांना कार्यक्रम दिसायचा तो माझ्या मोबाईलमध्ये. मी पुढ्यात धरायचे, त्या चष्मा लावून बघायच्या.

"हा राजू गातो. बरं गातो. ही ढोलकी. हा ताडताड वाजवतो तो कोण?"

"पॅडवाला."

"बरं. आन ही आमची?"

"त्या बेस वाजवतायत, आक्का."

आक्का मोबाईल कानाला लावायच्या, परत बघायच्या, परत कानाला. "काय बी नाय. समदे वाजवत्यात, ही नुसती बसलीय. बसायचं तर घरी बस की, शेंगा तरी सोल."

मोबाईलमध्ये खरंच काही यायचं नाही. एवढासा तो स्पीकर, त्यातून एवढा मोठा आवाज कसा निघणार? मावशी हसून न्यायच्या. पण एकदा मी व्हिडिओ बंद करत होते तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ, आणि म्हणाल्या, "यांनी एकदा तरी ऐकावं गं. नाही आवडलं तरी चालेल." मग लगेच "चपाती करपली!" म्हणून आत पळाल्या.

आक्कांना एकाच आवाजाचं कौतुक होतं, ते मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचं. "दुपारची ती गिरणी लागली ना, की मला असं पाळण्यात घातल्यावानी वाटतं. लगेच झोप." त्यासाठी त्या दर बुद्धपौर्णिमेला गिरणीवाल्या अण्णांना खिरीचा डबा पाठवायच्या. डबा न्यायचं काम वरच्या खोलीतल्या मुलीचं. मी नेला तेव्हा अण्णा म्हणाले, "आक्का लय मानतात मला. का ते काही कळत नाही, पण खीर चांगली असते."

मावशींची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी एकदा त्यांना माझ्या मामाच्या पावरीचा व्हिडिओ दाखवला. पावरी म्हणजे आमच्याकडचं दुधी भोपळ्याचं लांबलचक वाद्य, फुंकून वाजवायचं. मावशींनी दोनदा ऐकलं आणि मोबाईल परत दिला. "याचं बूड मोबाईलनं खाल्लंय. चल, जाऊ." बाजाराच्या दिवशी आम्ही हरसूलच्या एसटीत बसलो. पुढच्या सीटा रिकाम्या असताना मावशी शेवटच्या सीटवर गेल्या.

"मावशी, मागं लय हादरे बसतात."

"म्हणून तर!"

घाटाच्या अलीकडे गाडी चहाला थांबली. इंजिन चालूच होतं. मावशींनी डोळे मिटले, दोन्ही हात पुढच्या दांडीवर ठेवले आणि गाडीच्या आवाजात आवाज मिसळून "ऊंऽऽ" लावला. मग वाकून सीटच्या पत्र्याला कान लावला. डब्यातून भाकरी काढणाऱ्या दोन बाया थांबून बघायला लागल्या. कंडक्टर आला.

"काय शोधताय मावशी? काही पडलं का?"

"नाही हो. तुमची गाडी किती सुंदर बोलते."

कंडक्टरनं एकदा माझ्याकडे बघितलं. "बाकीचे लोक हिच्या नावानं शिव्या देतात," तो म्हणाला, आणि खाली उतरून ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरनं काय केलं असेल? वर चढून खास मावशींसाठी दोनदा रेस दिली. मावशींनी टाळ्या वाजवल्या. त्या दोन बायांनीही वाजवल्या, का ते न कळता. मी तोंड खिडकीबाहेर काढून हसत होते.

गावी मामा वाजवत असताना त्यांनी भोपळ्यावर तळहात टेकवला आणि उचललाच नाही. मामा बिचारा दमला, लाल झाला, पण एवढी मोठी पाहुणी हात टेकवून बसलेली, थांबणार कसा? शेवटी मीच मावशींना ओढलं. परतीच्या वाटेवर त्या एकच वाक्य बोलत होत्या, "हरसूल, तुमच्याकडे हे झाडाला लागतं गं. आमच्याकडे याला वायर लागते!"

मग आमच्या घरात प्रणय आला.

प्रणय राजूदादाचा भाचा, इंजिनीअरिंगला. वाईट मुलगा नाही. फार हुशार, आणि हुशारी लगेच वापरायची घाई असलेला. जयंती जवळ आली होती. राजूदादा त्याला घेऊन घरी आला, आणि चहा होईपर्यंत दोघं मंडपाच्या रंगाबद्दलच बोलत राहिले. मावशींनी ओळखलं. "राजू, काय ते सांग. मंडप माझ्या दारात टाकायचा नाहीये ना?"

राजूदादा कपाकडे बघत म्हणाला, "मावशी, यंदा प्रणयनं लॅपटॉपवर ट्रॅक बनवलेत. म्हणजे बाकीचं म्युझिक, बेस सकट, त्यातूनच. एकदम स्टुडिओसारखं."

"आणि मी?"

"तुम्ही कोरसमध्ये. समोर, लाइटमध्ये. सगळ्या बायका निळ्या साड्या नेसणार आहेत. टाळ्या द्यायच्या, साथ द्यायची. तुम्हाला अंधारात बसवायला आम्हालाच बरं वाटत नाही."

प्रणय मध्येच म्हणाला, "आंटी, मी मागच्या वर्षीचं सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. खरं सांगू का, तुमचं त्यात काहीच ऐकू येत नाही."

"कशावर ऐकलं?"

"मोबाईलवर."

खाटेवरून आक्का म्हणाल्या, "मी तर पहिल्यापास्नं सांगतेय." आणि हसल्या. त्यांना वाटलं, नेहमीचीच गंमत चाललीय.

मावशी हसल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या. एवढंच. मला वाटलं होतं त्या भांडतील. त्यांनी प्रणयला आणखी एक बिस्कीट दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. सिंथवर जुनी चादर घातलेली, आणि चादरीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. मावशी बाहेर बसून शेंगा सोलत होत्या. फ्रिज सुरू झाला, बंद झाला, त्यांनी मान वर केली नाही. फोडणी नुसतीच चरचरली. मी म्हटलं, "मावशी, आज रांजण नाही?" त्या म्हणाल्या, "टाळ्यांची प्रॅक्टिस करतेय मनात." विनोद होता तो, पण मला हसता आलं नाही, आणि त्या घरात मला हसू न येण्याची ती पहिलीच वेळ.

दिवस गेले. आक्का चिडचिड्या झाल्या. चहा गार, उशी कडक, पंखा कुरकुरतो. दुपारभर या कुशीवरून त्या कुशीवर. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"ए हरसूल, जा, गिरणीवाल्याकडं बघून ये. आजारी हाय का, मेला का, काय कळंना. गिरणी बंद ठिवलीय त्यानं. डोळ्याला डोळा नाय माझ्या."

मी गेले. गिरणीला कुलूप होतं. अण्णा शेजारच्या ओट्यावर डबा खात बसले होते, चांगले धडधाकट.

"अण्णा, गिरणी कधीपासून बंद आहे?"

"कधीपासून म्हणजे? दुपारी बंदच असते. जेवण, मग जरा आडवं होतो. चार वाजता उघडतो."

"दुपारी कधीच चालू नसते?"

"अगं, एवढ्या वर्षांत कधी नाही. का?"

मी परत आले. रस्त्यात पाय थांबत होते. पहिल्या दिवशीची भिंत मला आठवली, माझ्या बॅगेची थरथरणारी चेन, आणि त्याच भिंतीला लागून असलेली खाट. मला वाटायचं हे घरात सगळ्यांना माहीत असेल. पण मावशी दार लावून वाजवायला बसायच्या तोवर आक्का पडलेल्या असायच्या, आणि मावशी बाहेर यायच्या तेव्हा त्या झोपलेल्या. कुणाला कुणाचं कळणार?

मावशी दळण टाकायला म्हणून मुद्दाम लांबच्या गिरणीत गेल्या होत्या. घरात बसवत नव्हतं त्यांना. मी आक्कांजवळ बसले आणि अडखळत अडखळत सांगितलं.

 आक्कांनी हात मागे नेऊन भिंतीवर ठेवला. भिंत थंड, गप्प.

"म्हंजी ती हीच व्हती?"

"हो आक्का."

"मी त्या मेल्या गिरणीवाल्याला खीर घालत व्हते!"

आणि मग त्या अशा हसायला लागल्या की खाट हलायला लागली. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसल्या. "तिला बोलू नको," म्हणाल्या. "तालीम कवा हाय? मला न्या."

कॉलनीतली चार मुलं आली आणि आक्कांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून विहाराच्या हॉलमध्ये घेऊन गेली. वाटेत जो तो "जयभीम आक्का! कुठं मिरवणूक?" म्हणून विचारत होता आणि आक्का मान डोलवत होत्या. मावशी मागून धावत. "अहो पण कशाला? पडतील त्या! हरसूल, तू सांगितलंस का यांना काही?" मी आभाळाकडे बघितलं.

हॉलमध्ये प्रणयनं लॅपटॉप लावला. खरं सांगायचं तर ट्रॅक छान होता, अगदी चकचकीत. राजूदादा गायला लागला. आईवरची एक ओळ आली, आणि आक्कांनी हात वर केला.

"राजू, पुन्ना म्हण ती वळ."

मोठ्या माणसानं पुन्हा म्हण म्हटल्यावर आपल्याकडे पुढे जात नाहीत. राजूदादा मागे आला. ट्रॅक पुढे गेला. राजूदादा आईपाशी, ट्रॅक शेवटच्या कडव्यापाशी, ढोलकीवाला दोघांच्या मध्ये कुठेतरी. प्रणयनं बंद केलं, पुन्हा लावलं.

"पुन्ना म्हण," आक्का म्हणाल्या.

पुन्हा तेच. कोरसमधल्या बायका टाळ्या कुठे द्यायच्या म्हणून एकमेकींकडे बघायला लागल्या आणि एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. प्रणय घामाघूम. "आजी, ट्रॅकमध्ये ती ओळ एकदाच आहे!"

"मग म्या काय करू? मला दोनदा आवडली."

राजूदादानं कपाळाला हात लावला. जयंतीला समोर हजार आक्का असणार, हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो हळूच म्हणाला, "मावशी, पेटी आणता का तुमची?"

मावशी जागच्या हलल्या नाहीत. "इस्त्रीचे कपडे आहेत त्यावर," म्हणाल्या. मी तोवर दाराबाहेर पोचले होते. कपडे खाटेवर टाकले, सिंथ चादरीसकट काखेत घेतला. बाकीचं मुलांनी आणलं.

मावशी बसल्या. आक्कांनी मुलांना सांगून आपली खुर्ची स्पीकरच्या खोक्याला चिकटवून घेतली होती. राजूदादा गायला लागला, ती ओळ आली, आक्कांचा हात वर गेला. राजूदादाची टाच उचलली. ओळ लांबवायची असली की त्याची टाच उचलते, हे मला मावशींनीच कधीतरी सांगितलं होतं. मावशींनी एक खालचा सूर धरला आणि तिथेच उभ्या राहिल्या. म्हणजे बसलेल्याच होत्या, पण मला उभ्या वाटल्या. बटण हळूहळू फिरायला लागलं. झाकण आत, आत, आत. राजूदादा मागे गेला, आईपाशी आला, एकदा म्हणाला, दुसऱ्यांदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा मावशींनी झाकण उघडलं.

खिडक्यांच्या काचा बोलल्या. माझ्या पाठीतून तेच ते चढलं आणि मी मोठ्यानं हसले. प्रणयनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि खाली बघितलं, जणू आत कुणी शिरलंय.

आक्कांनी तळहात खोक्यावर टेकवला होता. "ह्ये," त्या म्हणाल्या. "ह्येच माझ्या खाटेत येत व्हतं." मग गाणं चालू असतानाच सुनेकडे वळून ओरडल्या, "आदी सांगाया काय झालं व्हतं तुला? एवढ्या वर्षांची खीर गेली की माझी!"

मावशींना काही कळलं नाही. मी कानात सांगितलं. त्यांचा हात पट्टीवरच होता, तो त्यांनी काढला नाही. चष्मा मात्र काढला. भिंगं पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता, म्हणून माझ्या ओढणीत दिला.

प्रणयनं नंतर विचारलं, "आंटी, पण हे रेकॉर्डिंगमध्ये का येत नाही?"

"मोबाईलवर ऐकू नकोस," मावशी म्हणाल्या. "इकडे ये. भिंतीला पाठ लावून बस."

माझं शेवटचं वर्ष संपत होतं. जयंतीनंतर परीक्षा आणि मग गाव. त्या संध्याकाळी मैदान भरलेलं होतं. राजूदादा ओळ दोनदा, चारदा घेत होता आणि कितीही वेळा मागे आला तरी जमीन त्याच्या पायाखाली असायची. निळ्या साड्या समोर, लाइटमध्ये. सगळ्यात डावीकडे, अर्ध्या अंधारात, मावशी. माझ्या मनात त्या अजून तशाच बसल्या आहेत. त्यांच्या शेजारी मोठ्या खोक्याला लागून आक्कांची प्लास्टिकची खुर्ची.

मी गर्दीतून पुढे गेले तेव्हा समोरची माणसं नाचत होती, पोरं बापाच्या खांद्यावर चढली होती, जमीन हलत होती. आणि त्या सगळ्यात आक्का मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं ठेवून, गाढ झोपल्या होत्या.

राजूदादानं ते बघितलं. दोन कडव्यांच्या मध्ये त्यानं मावशींना खूण केली, उठवू का?

मावशींनी मानेनं नाही म्हटलं. हनुवटी पुढे आली, ओठ "डूंव" झाले, आणि त्यांनी रांजण लावला.